करकरणारा फोर्क आणि वॉरंटीचा फॉर्म: माझा अनुभव

सायकलचा नवा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि धक्के झेलणारा भाग, घेताना सगळे ट्रॅव्हल (तो किती दबतो) विचारतात, स्टँचियन (वरचे दोन पाय) ३४ मिलिमीटरचे की ३६ यावर वाद घालतात. बिघाड झाला तर तो फोर्क कोण हातात घेणार, हे क्वचितच कुणी विचारतं. माझं वॉरंटीचं काम शेवटी झालं, पण मध्ये जे झुलवलं त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

दुखणं साधं होतं. उतारावर पुढचा ब्रेक दाबला किंवा चढावर उभं राहून पेडल मारलं की हँडलखालून करकर. सस्पेन्शन फोर्कमध्ये स्टिअरर ट्यूब (फ्रेममधून वर हँडलकडे जाणारी नळी) आणि दोन्ही स्टँचियन क्राउनमध्ये, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या आडव्या भागात, दाबून बसवलेले असतात. बहुतेक फोर्कमध्ये तिथे ना वेल्डिंग, ना बोल्ट. ती पकड किंचित सैल झाली की जोर पडताच धातूवर धातू घासतो. हा सगळा मिळून एकच भाग, त्याला सीएसयू (क्राउन-स्टिअरर युनिट) म्हणतात. तो सहसा दुरुस्त करत नाहीत, अख्खा बदलतात. सांध्यात चिकटवणारं रसायन सोडून आवाज दाबायचे उपाय लोक सुचवतील. करू नका. क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरतं.

दुकानात गेलो तर म्हणाले, कंपनीला लिहा. कंपनीच्या वॉरंटी विभागाला लिहिलं तर उत्तर आलं, दुकानामार्फत या. दोघांनाही एकाच मेलमध्ये घेतलं, तेव्हा कुठे फॉर्म हाती आला. नाव, बिल, सिरियल नंबर इथपर्यंत ठीक. पुढचा रकाना होता: आवाज फोर्कमधूनच येतो हे कशावरून?

लिहिलं, व्हिडिओ जोडला. उत्तर: हेडसेट (स्टिअरर ज्यात फिरतो ती बेअरिंग) तपासा. हेडसेट उघडला, बेअरिंग पुसली, ग्रीस भरलं, फोटो पाठवले. मग बरेच दिवस काहीच नाही. पुन्हा विचारल्यावर: स्टेमचे (हँडल स्टिअररला धरणाऱ्या भागाचे) बोल्ट तपासा. तेही केलं. मग चाकाचे स्पोक, मग अॅक्सल. प्रत्येक वेळी एकच शंका, आणि प्रत्येक उत्तरानंतर मी रांगेत पुन्हा शेवटी.

तपासायला सांगणं चूक नाही. सायकलमधला आवाज शोधणं खरंच फसवं असतं. फ्रेमच्या नळ्या पोकळ असल्यामुळे सीटपोस्टची कुरकुरही कधीकधी पुढून आल्यासारखी वाटते. पण ही सगळी यादी पहिल्याच मेलमध्ये द्यायला काय हरकत होती? ग्राहकाचा वेळ हाही वेळच असतो.

सगळ्यात संताप आला तो सर्व्हिसच्या नोंदी मागितल्या तेव्हा. साधारण ५० तासांच्या रायडिंगनंतर लोअर्स (फोर्कचे खालचे पाय) उघडून तेल आणि फोम रिंग बघायच्या असतात. मी ते स्वतः आणि वेळच्या वेळी करतो. पण त्या तेलाचा क्राउनमधल्या पकडीशी काडीचाही संबंध नाही! तरी तेल-सीलची बिलं आणि तारखेसकट फोटो होते म्हणून निभावलं. तुम्हीही घरी सर्व्हिस करत असाल तर प्रत्येक वेळी फोटो काढून ठेवा.

कोंडी फुटली ती अदलाबदलीने. एका सायकलमित्राचा फोर्क माझ्या सायकलला आणि माझा त्याच्या सायकलला लावला. दोन्ही सायकली २९ इंची, दोन्हींचे स्टिअरर टेपर्ड (खाली जाड, वर बारीक), पुढचे हब ११० मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे बूस्ट, आणि हेड ट्यूबची (फ्रेमच्या ज्या नळीत स्टिअरर बसतो तिची) लांबी जवळपास सारखी, म्हणून जमलं. माझी सायकल गप्प झाली, त्याची करकरू लागली. हेडसेट, स्टेम, स्पोक सगळ्यांचा निकाल एका फटक्यात. याचा न तोडता काढलेला एकच व्हिडिओ पाठवला: आधी सिरियल नंबर, मग टॉर्क रेंचने (मोजून आवळायच्या पान्याने) स्टेमचे बोल्ट, मग पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे, फोन क्राउनजवळ. त्यानंतर एकही प्रश्न आला नाही. मला या व्हिडिओचा अभिमान आहे, आणि माझं ठाम मत आहे की पहिल्याच दिवशी हाच पाठवावा. सिरियल नंबर काही फोर्कवर क्राउनच्या मागे असतो, काहींवर खालच्या पायाच्या मागे. चिखलाने स्टिकर झिजतो, आजच फोटो काढा.

वाट बघण्याच्या काळात मी उड्या आणि दगडांचे टप्पे बंद ठेवले, मऊ ट्रेलवर चालवत राहिलो. दर राइडआधी क्राउन पुसून टॉर्चने बघायचो. केसाएवढी रेघ दिसली किंवा सांधा हलताना दिसला, तर सायकल त्याच क्षणी थांबवायची. आवाजाच्या धास्तीने काहीजण पुढचा ब्रेकच सोडून देतात आणि मागचं चाक घसरवत उतरतात. त्यापेक्षा वेग आधीच कमी करा आणि दोन्ही ब्रेक हलके वापरा. धास्ती जातच नसेल तर सायकल घरी ठेवा.

फोर्क पाठवण्याआधी हवेचा दाब आणि रिबाउंडचे (दबलेला फोर्क परत वर येण्याच्या वेगाचे) क्लिक लिहून ठेवा, म्हणजे परत आल्यावर ते आणि सॅग (तुमच्या वजनाने फोर्क किती दबतो) जुळवायला सोपं जातं. क्राउन रेस, म्हणजे हेडसेटची खालची बेअरिंग जिच्यावर टेकते ती कडी, काढून घ्या, नाहीतर ती जुन्या सीएसयूबरोबर जाईल. बिल तुमच्याच नावावर हवं. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते, त्यामुळे सेकंडहँड फोर्क घेणाऱ्यांनी दुकानातच क्राउनला कान लावून, ब्रेक धरून दाबून बघावं.

नवा सीएसयू सहसा न कापलेल्या स्टिअररसह येतो. जुनं माप डोळे झाकून उतरवू नका. पाच-दहा मिलिमीटर जास्तच ठेवा आणि स्टेमच्या वर स्पेसर (जागा भरणाऱ्या कड्या) घाला. पुढे हँडल उंच करावंसं वाटलं तर जागा राहते. पहिल्या राइडनंतर टॉप कॅप (स्टिअररवरचं, हेडसेट आवळणारं झाकण) आणि स्टेमचे बोल्ट पुन्हा बघा. क्राउन रेस नीट बसायला थोडं रायडिंग लागतं आणि तेवढ्यात हेडसेटमध्ये ढिलाई येते.