निरोगी मुलांची मोजमापं घेताना : माझा अनुभव

मुलांच्या शरीरातली चरबी मोजायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष यंत्राकडे जातं. मी मात्र आधी उंची नीट घेतो. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, त्यामुळे उंचीतली चूक जवळपास दुप्पट होऊन उतरते. 22 किलो, 120 सेंटिमीटर असलेल्या मुलाचा बीएमआय 15.3. गुडघे वाकले आणि उंची 118 भरली, की तोच 15.8.

बूट-मोजे काढायचे, अंबाडा सोडायचा. टाचा, नितंब आणि पाठ फळीला टेकलेली. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत. आकडा 0.1 सेंटिमीटरपर्यंत वाचायचा, माप दोनदा घ्यायचं, जुळलं नाही तर तिसऱ्यांदा. दोन वर्षांखालच्या बाळाला झोपवून मोजतो. आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण 0.7 सेंटिमीटर जास्त येते. संध्याकाळपर्यंत उंची थोडी घटते, म्हणून फेरतपासणी शक्यतो त्याच वेळी.

वय जन्मतारखेवरून महिन्यांत काढावं. बीएमआय वयाशी ताडून पाहायला पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेची 2006 ची मानकं, पुढे 19 वर्षांपर्यंत 2007 ची. इथे हमखास गोंधळ होतो: मोठ्या मुलांत झेड-स्कोअर (त्या वयाच्या मध्यापासून मुलाचा बीएमआय किती प्रमाण विचलनं दूर आहे, तो आकडा) +1 च्या वर जादा वजन आणि +2 च्या वर लठ्ठपणा, पण पाचखालच्यांत याच मर्यादा +2 आणि +3 आहेत.

बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. त्यासाठी कॅलिपरने (जाडी मोजणाऱ्या चिमट्याने) त्वचेची घडी मोजतो, दंडाच्या मागे आणि खांद्याच्या पात्याखाली. दंडावर खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांचा मध्य टेपने काढून खूण करावी. अंदाजाने धरलेली जागा दर वेळी सरकते. चिमटीत कातडी आणि चरबी यावी, स्नायू नको. कॅलिपर बोटांपासून एक सेंटिमीटरवर लावून दोन सेकंदांत आकडा वाचायचा. उशीर झाला की चरबी दबते आणि माप कमी येतं. माणूस बदलला तरी फरक पडतो, म्हणून एका मुलाचं माप शक्यतो एकानेच घ्यावं.

विद्युतरोध मोजणारं यंत्र चरबी थेट मोजत नाही; शरीरातलं पाणी अंदाजून सूत्राने आकडा देतं. मुलांच्या चरबीविरहित भागात मोठ्यांपेक्षा पाणी जास्त असतं. प्रौढांचं सूत्र लावलं तर तो भाग फुगतो आणि चरबी कमी दिसते. मुलाच्या वयोगटाचं सूत्र यंत्रात नसेल, तर मी तो आकडा अहवालात लिहीत नाही.