खंड्याची खिडकी

खंड्या पक्ष्याच्या फोटोवरून स्टेन्ड ग्लासच्या, म्हणजे रंगीत काचांचे तुकडे जोडून केलेल्या खिडकीसारखं चित्र करायचं होतं. पहिला प्रयत्न दोन मिनिटांत आटोपला होता. फोटोशॉपच्या फिल्टर गॅलरीत, टेक्स्चरच्या गटात, ‘स्टेन्ड ग्लास’ नावाचाच फिल्टर आहे. खंड्याचा फोटो उघडला, फिल्टर लावला आणि सेल साइज, बॉर्डर थिकनेस, लाइट इंटेन्सिटी हे तिन्ही स्लायडर मागेपुढे करून पाहिले. हाती आला तो मधमाश्यांच्या पोळ्यात अडकलेला पक्षी. चोचीचा अर्धा भाग एका कप्प्यात, उरलेला आभाळाच्या कप्प्यात. यात फिल्टरला बोल लावण्यात अर्थ नाही. तो सगळीकडे साधारण सारख्या आकाराचे कप्पे पाडतो. चोच कुठे संपते हे त्याला कुठून कळणार?

मग ठरवलं, रेषा हातानं काढायच्या. फोटो इंकस्केप या रेषाचित्रांच्या प्रोग्राममध्ये घेतला, अपारदर्शकता निम्म्यावर आणली, लेयरला (चित्राच्या त्या थराला) कुलूप लावलं आणि पेन टूलनं बाह्यरेषा गिरवली. तासाभरात पक्षी झाला. दिसत होता मात्र मुलांच्या रंगवायच्या पुस्तकातल्यासारखा. काय चुकतंय ते मला खऱ्या खिडक्यांचे फोटो मोठे करून बघितल्यावर समजलं. तिथली रेघ सजावटीची नसते. ती शिशाची पट्टी असते, इंग्रजी एच अक्षरासारख्या छेदाची, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत काचा बसतात. म्हणजे रेघ तिथेच येते जिथे काच कापावी लागते. आणि काच वाटेल तशी कापता येत नाही. आत वळलेला टोकदार कोपरा काढायला गेलं की त्या कोपऱ्यातूनच चीर धावते.

माझ्या चित्रात डोक्याभोवतीचं सगळं आभाळ एकसंध होतं, त्यात चोचीच्या आकाराची खोल खाच. असा तुकडा कुठलाही कारागीर कापणार नाही. म्हणून चोचीच्या टोकापासून चौकटीपर्यंत एक रेघ ओढली. दुसरी डोक्याच्या माथ्यावरून, तिसरी शेपटीपासून. या तीन रेघांनी चित्र एकदम खिडकीसारखं दिसायला लागलं. रंग भरायचे अजून बाकीच होते! पुढचे दोन दिवस मी फक्त एवढंच केलं: प्रत्येक तुकड्याकडे बघायचं आणि विचारायचं, हा खरंच कापता येईल का? पंखावरची बारा पिसं सातवर आली. डोळ्याभोवतीची रेघ काढूनच टाकली, कारण एवढुसा तुकडा शिशात बसवला तर शिसंच दिसेल, डोळा नाही. खऱ्या खिडकीत असे बारकावे काचेवर गडद रंगानं काढून भट्टीत भाजतात. मीही डोळा वेगळ्या लेयरवर ब्रशनं काढला.

रंग भरताना पेंट बकेटनं, म्हणजे बंद आकारात रंग ओतणाऱ्या टूलनं, छळलं. क्लिक केलं की सगळं आभाळ निळं, कारण कुठेतरी दोन रेषा केसभर जुळलेल्या नसायच्या. ‘क्लोज गॅप्स’मध्ये ‘स्मॉल’ निवडल्यावर बरंच निभावलं. ही बकेट पडद्यावर जे दिसतंय त्यावरूनच कड शोधते, त्यामुळे झूम कमी असेल तर कडा ओबडधोबड येतात. तुकडा मोठा करून मगच क्लिक करायचं. तरी रेघ आणि रंगाच्या मधे बारीक पांढरी कड उरायचीच. भरणीचा आकार दीड पिक्सेल वाढवून रेषा वरच्या लेयरवर ठेवल्या, तेव्हा ती गेली.

पुढचं काम गिंप या फोटो-संपादनाच्या प्रोग्राममध्ये. काच आणि शिसं दोन वेगळ्या पीएनजी फायली म्हणून, 300 डीपीआयला. सपाट रंग काचेसारखा दिसत नाही. त्यात ओघळ, ढगाळपणा लागतो. सॉलिड नॉइज हा ढगांसारखी नक्षी करणारा फिल्टर घेतला, एक्स आणि वाय साइज एकमेकांपासून लांब ठेवले म्हणजे पट्टे उमटतात, आणि तो लेयर सॉफ्ट लाइट मोडमध्ये वर ठेवला. सुंदर दिसलं, पण काहीतरी खटकत होतं. संध्याकाळी लक्षात आलं: पंखावरचा ओघळ रेघ ओलांडून तसाच आभाळात जात होता. दोन्ही तुकडे वेगवेगळ्या काचेतून कापलेले, मग ओघळ एक कसा? शेवटी नॉइजचे तीन लेयर केले, उभा, आडवा आणि तिरका. शेजारच्या तुकड्यांना एकच दिशा येणार नाही असे मास्क लावून, म्हणजे प्रत्येक लेयरचा नको तो भाग झाकून, ते वाटून दिले. कंटाळवाणं काम, पण सगळ्यात जास्त फरक यानंच पडला.

उजेडाच्या बाबतीत मी आधी उलटंच केलं होतं. रेषांना ड्रॉप शॅडो दिली. सावली पडते म्हणजे उजेड समोरून येतोय, आणि खिडकीत तो मागून येतो. सावली काढली. काचेच्या लेयरची प्रत घेऊन तिच्यावर गॉसियन ब्लर लावून ती धूसर केली आणि खालचे रंग उजळवणाऱ्या स्क्रीन मोडमध्ये, 25 टक्क्यांवर, शिशाच्याही वर ठेवली. निळा रंग रेघेच्या कडांवर किंचित सांडला. मागून ऊन असताना डोळ्यांना हेच होतं: काच फुगते, पट्टी बारीक होते. म्हणून रेषा आधीपासून थोड्या जाड ठेवलेल्या बऱ्या.

कागदावरच्या प्रिंटनं मात्र निराशा केली. पाठीचा तो झगझगीत निळा छपाईच्या शाईत उतरतच नाही, आणि कागदामागून उजेडही येत नाही. मग पारदर्शक शीटवर प्रिंट काढून खिडकीला लावली. रंग उजळले, पण शिसं करडं पडलं. उन्हापुढे काळ्या शाईचा एक थर पुरत नाही. दुसरी प्रत काढून पहिलीवर चिकटवली, तेव्हा कुठे काळं काळं झालं. चिकटवताना शीट अर्धा मिलिमीटर सरकली, त्यामुळे खंड्याच्या चोचीला आता दोन टोकं आहेत.