अंगठ्याने मराठी: पेरांवरच्या कळफलकाची दुसरी आवृत्ती

पेरांवरच्या कळफलकाची दुसरी आवृत्ती चालती झाली. दोन हातमोजे आहेत. प्रत्येकाच्या चार बोटांच्या तीन-तीन पेरांवर विद्युतवाहक कापडाचे तुकडे शिवलेत आणि अंगठ्यावर त्याच कापडाची टोपी आहे. अंगठा ज्या पेराला टेकेल ते अक्षर संगणकावर उमटतं. पहिली आवृत्ती एका हाताची आणि फक्त रोमन लिपीची होती. ही मुळापासून देवनागरीसाठी मांडली आहे. हा परिच्छेद जवळजवळ सगळा मोजे घालून लिहिला, पुढचं सगळं साध्या कीबोर्डवर. त्यावरून वेगाचा अंदाज करावा.

कॅमेरा का नको, हा प्रश्न नेहमी येतो. कॅमेऱ्याने हात ओळखणं आता फारच सोपं झालंय. मीडियापाइप हे मोफत साधन साध्या वेबकॅमच्या चित्रातून हाताचे २१ बिंदू काढून देतं, आणि स्क्रीनवर आपल्या बोटांचा सांगाडा नाचताना पाहिला की कुणालाही हुरूप येतो. पण टायपिंगसाठी बोट टेकलं की नाही, एवढंच नेमकं कळायला हवं. अंगठा बोटाला टेकतो त्याच क्षणी एक दुसऱ्याला झाकतो आणि बिंदू थरथरायला लागतात. वेबकॅम सेकंदाला ३० चित्रं देत असेल तर दोन चित्रांमध्येच ३३ मिलिसेकंद जातात, वर गणिताचा वेळ वेगळा. हात समोर उचलून धरायचा म्हणजे थोड्या वेळात दंड भरून येतात, ते वेगळंच. ॲपलच्या व्हिजन प्रो या डोक्यावर घालायच्या चष्म्याने २०२४ मध्ये हा शेवटचा त्रास कमी केला, कारण त्याचे कॅमेरे खाली मांडीवर ठेवलेला हातही पाहतात. पण तिथेही चिमटीचं काम मुख्यतः नजर जिथे आहे ते निवडण्याचं. एका चिमटीतून एवढंच निघतं. मला तर क पासून ळ पर्यंत सगळं हवंय.

दुसरा मार्ग स्नायूंचा. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू मुळात कोपराखालच्या हातात असतात, त्यामुळे मनगटाजवळच्या त्वचेवर विद्युतध्रुव ठेवले तर बोट हलण्याची चाहूल मिळते. मायो या हातावर बांधायच्या जुन्या पट्ट्यात असे आठ संवेदक होते आणि तो सेकंदाला २०० नमुने घ्यायचा. म्हणजे त्याच्या निम्म्या, १०० हर्ट्झच्या वरचं काही हाती लागत नाही, आणि स्नायूंचा संकेत तर साधारण ४५०-५०० हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. मेटाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलेला पट्टा १६ वाहिन्यांचा, सेकंदाला २००० नमुने घेणारा. त्यावर पेन धरल्यासारखी बोटं जुळवून अक्षरं गिरवून मिनिटाला सरासरी २०.९ शब्द लिहिता आले, तेही नव्या माणसासाठी वेगळी जुळणी न करता. कमालच आहे. त्याच वर्षी त्यांनी चष्म्यासोबत असा पट्टा बाजारातही आणला.

पण या कमालीच्या मागे माणसांच्या संकेतांचा प्रचंड साठा आहे. टायपिंगचा त्यांचा जो साठा खुला आहे, त्यातच १०८ माणसांची ३४६ तासांची नोंद आहे, आणि ती क्वर्टी या नेहमीच्या इंग्रजी कीबोर्डची. देवनागरीसाठी असं काही जमवणं एकट्या हौशी माणसाच्या आवाक्यातलं नाही. कापडाला कापड टेकलं तर मात्र टेकलंच. त्यात अंदाज बांधायला मॉडेल लागत नाही, आणि लिपी कुठली हेही त्याला विचारावं लागत नाही. शिवाय आपण आपल्याच बोटाला हात लावतो तेव्हा स्पर्श दोन्हीकडून कळतो, अंगठ्यालाही आणि पेरालाही. हवेतल्या कुठल्याही हावभावात ही सोय नाही. माझ्या मते हाताने टायपिंग करायच्या बहुतेक कल्पना इथेच मार खातात.

आता जोडणी. स्पर्श ओळखण्यासाठी एमपीआर१२१ ही चिप मोहात पाडते, कारण तिला बरोबर बाराच इलेक्ट्रोड जोडता येतात आणि चार बोटांची पेरंही बारा. पण ती चालते धारकतेवर, म्हणजे बोट जवळ आल्याने होणाऱ्या विद्युत बदलावर, आणि तुकड्याच्या खाली आपलंच बोट आधीपासून असतं. अंगठा येऊन जो फरक पडतो तो त्या पायाभूत आकड्यापुढे फारच किरकोळ असतो. मध्ये ढाल म्हणून आणखी एक थर घालता येतो, पण मोजा जाड होतो आणि पेरांमधला फरक बोटाला कळेनासा होतो. म्हणून सरळ संपर्क ठेवला: अंगठ्याची टोपी ग्राउंडला (शून्य व्होल्टला), प्रत्येक तुकडा चिपच्या एकेका पिनला, आणि पिनला पुल-अप, म्हणजे स्पर्श नसताना पिन वर धरून ठेवणारा रोध. एनआरएफ५२८४० या नियंत्रक चिपच्या आतला पुल-अप साधारण १३ किलो-ओहमचा असतो, ईएसपी३२ या दुसऱ्या चिपचा ४५ च्या आसपास. घामट हातासाठी पहिला बरा. ओलसर कापडातून थोडा प्रवाह झिरपला तरी तो पिनला खाली ओढू शकत नाही.

तारा कुठून न्यायच्या याला पहिल्या आवृत्तीपेक्षा जास्त महत्त्व दिलं. बोट वाकलं की वरच्या बाजूची लांबी वाढते, आतल्या बाजूची घटते. कडेची जवळजवळ तीच राहते, कारण सांध्याचा आस तिथून जातो. म्हणून सगळ्या तारा बोटांच्या कडेने, सिलिकॉनच्या आवरणाच्या, बारीक पदरांच्या. मनगटावर सर्किटची छोटी पाटी आणि बॅटरी. फर्मवेअर, म्हणजे चिपवर चालणारा प्रोग्रॅम, झेडएमके हा कीबोर्डसाठीचा. दोन तुकड्यांच्या बिनतारी कीबोर्डसाठी ते आधीच तयार आहे आणि प्रत्येक कळ थेट पिनला जोडायची सोयही त्यात आहे. कापडाचा संपर्क यांत्रिक कळीपेक्षा जास्त थरथरतो, विशेषतः सुटताना. झेडएमकेमध्ये टेकणं आणि सुटणं यांचे विलंब वेगवेगळे ठेवता येतात, म्हणून टेकण्याचा मूळचा ५ मिलिसेकंद तसाच राहू दिला आणि सुटण्याचा २५ केला. वेग हातचा गेला नाही आणि दुहेरी अक्षरं थांबली.

मांडणीवर मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि गंमतही तिथेच होती.

माउसचा जनक डग्लस एंगेलबार्टने १९६८ च्या त्या प्रसिद्ध प्रात्यक्षिकात माउससोबत दुसऱ्या हाताखाली पाच कळींचा संच ठेवला होता. पाच कळी एकत्र दाबायच्या तर ३१ जोड्या होतात; रोमन अक्षरं त्यात बसतात. देवनागरी बसत नाही. पण देवनागरीकडे रोमनजवळ नाही ती गोष्ट आहे: वर्ग. क ख ग घ ङ मध्ये ख हा महाप्राण क, आणि घ हा महाप्राण ग. म्हणजे प्रत्येक वर्गात मुळात तीनच जागा लागतात: कठोर, मृदू, अनुनासिक. एका बोटाला पेरं तीन! टोकाला क, मधे ग, मुळाशी ङ, आणि महाप्राणासाठी एक जोडकळ.

त्यात इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा प्रमाण कळफलकही मदतीला आला. ब्लूटूथ कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कळीचा क्रमांक पाठवतो. त्याचं अक्षर करणं संगणकाचं काम. इन्स्क्रिप्टमध्ये क च्या कळीवर शिफ्ट धरलं की ख, ग वर घ, त वर थ, प वर फ. मात्रेवर शिफ्ट धरलं की सुटा स्वर, आणि हलंतावर शिफ्ट म्हणजे अ. याचा अर्थ माझी जोडकळ साधी शिफ्टच आहे, वेगळं काही लिहावं लागलं नाही. ती प्रत्येक हाताच्या तर्जनीच्या कडेला बसवली, जिथे अंगठा आपसूक जातो. उजव्या हाताच्या व्यंजनासाठी डाव्या अंगठ्याने शिफ्ट, डाव्या हाताच्या मात्रेसाठी उजव्याने. दोन्ही कडा एकदम दाबल्या तर बॅकस्पेस.

वर्ग पाच आणि बोटं चार, हा पेच उरलाच. शिवाय य र ल व श ष स ह ळ ही नऊ. पंधरा अधिक नऊ चोवीस, म्हणजे बाराचे बरोबर दोन थर. थर बदलायला मनगट वळवायचं: तळहात कडेला वळलेला असला तर पहिला थर, वर केला तर दुसरा. त्यासाठी एलआयएस३डीएच हा प्रवेगमापक घेतला, कारण गुरुत्वाकर्षणाची दिशा पाहून तो स्वतःच एक पिन वर-खाली करतो. फर्मवेअरला ती पिन म्हणजे आणखी एक कळ. सुरुवातीला एकदा त्याला कोन किती आणि तो किती वेळ टिकला पाहिजे हे सांगावं लागतं, तेवढंच. कुशीवर पडून लिहिता येत नाही, कारण हात नाही, अंगच वळलंय हे त्याला कळत नाही. तेही चालेल.

वर्णमालेचा क्रम जसाच्या तसा बोटांवर उतरवणं दिसायला सुंदर आणि वापरायला जड. करंगळीचं मुळाचं पेर गाठताना अंगठा ताणतो, आणि तिथे न किंवा म आला तर हात दुखणारच. उलट ङ आणि ञ मराठीत एकेकटे जवळपास येत नाहीत, अनुस्वार त्यांचं काम करतो. तरी त्यांना हाकलता येत नाही: वाङ्मय लिहायचं तर ङ हवा, आणि ज्ञ तर ज, हलंत, ञ असाच बनतो. शेवटी वर्ग बोटाशी बांधून ठेवले, बोटं मात्र वापराप्रमाणे बदलली. पहिल्या थरात तर्जनीवर त द न, मधल्या बोटावर क ग र, अनामिकेवर प ब म, करंगळीवर च ज य. ङ आणि ञ च्या जागा र आणि य यांना दिल्या. दुसऱ्या थरात तर्जनीवर ट ड ण, म्हणजे दंत्य आणि मूर्धन्य एकाच बोटावर, फरक फक्त मनगटाचा. हे हाताला इतक्या लवकर पटलं की ते आता विचार न करता होतं. बाकी बोटांवर स ह ङ, ल व, ष ञ. ळ आणि श यांना जागाच लागली नाही, इन्स्क्रिप्टमध्ये ते ल आणि स च्या शिफ्टवर आहेत; र च्या शिफ्टवर ऱ, म्हणजे 'दुसऱ्या' आणि 'तऱ्हा'चीही सोय झाली. मोकळ्या दोन पेरांवर स्वल्पविराम आणि पूर्णविराम.

डावा हात मात्रांचा. नऊ मात्रा, अनुस्वार, हलंत आणि स्पेस मिळून बाराच होतात. काना तर्जनीच्या टोकाला, स्पेस तिच्याच मधल्या पेरावर, हलंत मुळाशी. ै आणि ौ करंगळी-अनामिकेच्या मुळाशी ढकलले. त्यांची गाठ तशी कमीच पडते.

इथे एक अनपेक्षित फायदा झाला. दोन मोज्यांपैकी एकच संगणकाशी बोलतो, दुसरा आधी पहिल्याला सांगतो, आणि माझ्या जोडणीत ब्लूटूथवर त्या गप्पांचा किमान अंतराल ७.५ मिलिसेकंदांचा असतो. मुख्य मोजा उजवा ठेवला, तर डाव्या हाताची मात्रा नेहमी किंचित उशिरा पोहोचते. म्हणजे 'का' लिहायला दोन्ही अंगठे एकाच वेळी टेकले तरी आधी क, मग काना हा क्रम बहुतेक वेळा आपोआप राखला जातो. एका ठोक्यात एक पूर्ण अक्षर. 'कामाला', 'पाहिजे', 'तिकडे' असे शब्द तर तालात निघतात. 'खा' किंवा 'भी' ला मात्र डावा अंगठा आधी शिफ्टवर आणि मग मात्रेवर जातो, तिथे ताल मोडतो. महाप्राण दुसऱ्या मार्गाने द्यावा का, हा विचार चालू आहे. टोक आणि मधलं पेर यांच्या सांध्यावर अंगठा टेकवून दोन्ही तुकडे एकदम जोडणं हा एक पर्याय, पण मृदू आणि कठोर यांच्या मधोमध टेकल्यावर फर्मवेअरने काय समजायचं ते ठरत नाही.

सध्याची सगळ्यात मोठी कटकट कापडाची. चांदीचा मुलामा असलेलं नायलॉन घामाने काळं पडतं आणि संपर्काचा रोध वाढतो. आधी अंगठ्याची टोपी जाते, कारण सगळे स्पर्श तिच्यावरच होतात. म्हणून टोपी आता बटणाने निघणारी केली आहे. स्टेनलेस स्टीलच्या धाग्याचं विणलेलं कापड टिकाऊ असतं, पण त्याचा रोध मुळातच जास्त. पेरांवर चांदी आणि टोपीला स्टील अशी जोडी पुढच्या खेपेला लावणार आहे. अंकांचा थर डाव्या मनगटाच्या वळणावर जाईल. ॅ, ॉ आणि ृ यांना अजून जागा मिळालेली नाही, त्यामुळे 'बॅट', 'ऑफिस' आणि 'आवृत्ती' मोजे घालून लिहिता येत नाहीत. स्वल्पविराम हलवून ती जागा ॉ ला द्यावी, असं सध्या वाटतंय.