धर्मगुरूंचं लग्न: नियम नेमका कुठे बदलायचा?

कॅथलिक धर्मगुरूंना लग्न करू द्यावं का, या वादात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. गुरुदीक्षा (धर्मगुरू होण्याचा विधी) झाल्यावर लग्न करणं ही एक, आणि संसारी माणसाला गुरुदीक्षा देणं ही दुसरी. पहिलीला पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही परवानगी नाही. बायको वारली तरी धर्मगुरूला सहसा पुन्हा लग्न करता येत नाही. दुसरी मात्र कॅथलिक चर्चमध्ये आजही चालते. युक्रेनच्या ग्रीक कॅथलिक चर्चमधले कितीतरी धर्मगुरू बायकामुलांसह राहतात आणि ते पोपच्याच छत्राखाली आहेत. अँग्लिकन पंथातून आलेल्या विवाहित पाळकांना अमेरिकेत १९८० पासून एका खास तरतुदीने गुरुदीक्षा मिळू लागली. हे दार लॅटिन चर्चमध्येही, म्हणजे रोमन परंपरेच्या मुख्य कॅथलिक चर्चमध्येही, सर्वांसाठी उघडावं, असं माझं ठाम मत आहे.

ब्रह्मचर्य हा श्रद्धेचा सिद्धान्त नाही, शिस्तीचा नियम आहे. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूचं लग्न अवैध ठरवलं. आपल्याकडे केरळच्या सेंट थॉमस ख्रिस्ती समाजात विवाहित कत्तनार, म्हणजे धर्मगुरू, होते. गोव्याचे आर्चबिशप मेनेझिश यांनी १५९९ मध्ये उदयंपेरूरला भरवलेल्या सभेने ती प्रथा मोडली. आपल्या देशात जी परंपरा होती, ती परकी म्हणून नाकारणं मला पटत नाही.

सध्याचा कायदा असा. लॅटिन चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत कलम २७७ ब्रह्मचर्य बंधनकारक करतं. कलम १०८७ प्रमाणे गुरुदीक्षा झालेल्याचं लग्न लागूच शकत नाही. कुणी स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोंदणी केली, तर सरकारदरबारी ते लग्न खरं. चर्चच्या लेखी मात्र तो धर्मगुरू त्या क्षणी आपोआप निलंबित होतो आणि त्याचं पदही जातं. घोळ इथेच होतो: आधी नोंदणी, मग ब्रह्मचर्यातून सूट मिळावी म्हणून अर्ज. योग्य क्रम उलटा आहे. आधी बिशपांमार्फत पोपकडे विनंती, सोबत स्वतःची जीवनकथा, साक्षीदारांचे जबाब, बिशपांचं मत. सूट फक्त पोपच देतात. ती मिळाल्यावर चर्चमध्ये लग्न करता येतं, पण मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करणं कायमचं थांबतं. मरणासन्न माणसाचं पापनिवेदन ऐकणं एवढा एकच अपवाद.

नियम बदलला, तरी येशूसंघीयांसारख्या (जेझुइट) संघांतल्या धर्मगुरूंना तो लागू होणार नाही, कारण त्यांनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेलं असतं. प्रश्न धर्मप्रांतीय धर्मगुरूंचा, म्हणजे संघात नसलेल्या, थेट बिशपांच्या हाताखालच्या धर्मगुरूंचा आहे. २०१९ च्या ॲमेझॉन प्रदेशाविषयीच्या बिशपांच्या धर्मसभेने दुर्गम भागांपुरती, आधीच डीकन (धर्मगुरूच्या खालचा दीक्षित सेवक) असलेल्या विवाहितांना गुरुदीक्षा द्यावी अशी शिफारस १२८ विरुद्ध ४१ मतांनी केली. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या आपल्या पत्रात तिचा निर्णय केला नाही. तिथल्या कित्येक वस्त्यांना धर्मगुरूअभावी महिनोन्‌महिने मिस्सा मिळत नाही, आणि हे कारण मला सर्वांत जड वाटतं.

मात्र परवानगीआधी पैशाचा आणि घराचा विचार हवा, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. धर्मग्रामाचं निवासस्थान एकट्या माणसांसाठी बांधलेलं, बरेचदा दोन-तीन फादर, एकच स्वयंपाकघर. मानधन एकट्याच्या गरजेपुरतं. ठरावीक वर्षांनी बदली, म्हणजे मुलांची शाळा आणि बायकोची नोकरी दोन्ही मोडणार. पोपच्या छत्राखालच्या पौर्वात्य चर्चच्या १९९० च्या संहितेत, कलम ३९० मध्ये, विवाहित धर्मगुरूच्या कुटुंबाच्या निर्वाहाचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. लॅटिन संहितेत अशी तरतूद फक्त पूर्णवेळ सेवा करणाऱ्या विवाहित डीकनसाठी आहे. शिवाय विवाहित माणसाला कायम डीकन व्हायचं असेल तर वय किमान ३५ आणि पत्नीची संमती लागते. तीच अट गुरुदीक्षेलाही लावावी. आणि धर्मगुरू वारल्यावर त्याची बायको चर्चच्या घरातून कुठे जाणार, तिला निवृत्तिवेतन कोण देणार, हे पहिल्या दीक्षेआधी बिशपांनी कागदावर लिहून द्यायला हवं.