शर्मुला, सार्डिन आणि कॅसाब्लांकातलं स्वयंपाकघर

मोरोक्कोत राहते म्हटलं की फोनवर मावशीचा ठरलेला प्रश्न, "तिकडे सगळ्यात खूप मसाले घालतात ना गं?" मटणात घालतात, कोंबडीत घालतात. मासळीत मात्र इथल्या बायका हात आखडता घेतात. वीस-पंचवीस जिनसांचं ते प्रसिद्ध मसाल्याचं मिश्रण, ‘रास एल हानूत’, माशाच्या वाटेला सहसा जातच नाही.

माशासाठी असतो शर्मुला. कोथिंबीर, पार्स्ली, लसूण, जिरेपूड, तिखट नसलेली लाल मिरचीची पूड, मीठ, लिंबाचा रस आणि ऑलिव्ह तेल. किलोभर माशाला कोथिंबिरीची एक जुडी, पार्स्ली तिच्या निम्मी, पाच-सहा पाकळ्या लसूण, दोन चमचे मिरचीपूड, एक चमचा जिरेपूड. मिक्सरमध्ये गुळगुळीत करू नका, खलबत्त्यात भरड कुटा. आपल्या हिरव्या वाटणातून खोबरं आणि हिरवी मिरची वजा केली तर जे उरेल, त्याच्या जवळपासची ही चव. पार्स्ली मिळाली नाही तर नुसत्या कोथिंबिरीवरही भागतं.

इथला रोजचा मासा म्हणजे सार्डिन, आपल्या तारलीचं भावंड. किनाऱ्यालगत वाऱ्यामुळे समुद्राचं वरचं पाणी बाजूला ढकललं जातं आणि खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. त्यावर हे मासे पोसतात. डबाबंद सार्डिनच्या निर्यातीत मोरोक्को जगात आघाडीवर आहे. साफी आणि अगादीर ही बंदरं त्यातली मोठी नावं. पण डब्यातलं विसरा. ताज्या सार्डिनचं डोकं आणि मधला काटा काढून मासा पुस्तकासारखा उघडायचा, एकावर शर्मुला फासायचा, दुसरा त्यावर पालथा घालायचा. ही जोडी पिठात घोळवून तळायची. रव्याशिवाय तळलेला मासा मला आधी पटला नव्हता. आता चालतो, पण रव्याची सर नाहीच.

ताजीन म्हणजे शंकूसारख्या झाकणाचं मातीचं भांडं, आणि त्यात शिजवलेल्या पदार्थालाही ताजीनच म्हणतात. त्यात सगळी गंमत तळाशी आहे. आधी गाजराच्या किंवा बटाट्याच्या चकत्यांचा थर लावतात, म्हणजे मासा भांड्याला चिकटत नाही. किनाऱ्यावर काही जण बोरूच्या काड्या आडव्या-उभ्या रचतात. त्यावर शर्मुल्यात तासभर मुरलेला मासा, मग टोमॅटो, ढोबळी मिरची, ऑलिव्ह आणि खारवलेल्या लिंबाची साल. पाणी जवळजवळ नाहीच. भाज्यांचं सुटतं तेवढं पुरे. मंद आचेवर ठेवायचं आणि सारखं झाकण उघडायचं नाही.

हे लिंबू नुसत्या मिठात आणि रसात महिनाभर मुरवतात. तिखट नाही, साखर नाही. गर बहुतेकदा काढून टाकतात, साल वापरतात. माझ्या मते या ताजीनला कोकम चालत नाही. आंबट होतं, पण तो सुगंध येत नाही.

कॅसाब्लांकाच्या सेंट्रल मार्केटमध्ये मासे घेऊन शेजारच्या खानावळीत शिजवून मागता येतात. पाहुणे आले की मी त्यांना तिकडेच नेते. सगळे एकाच भांड्यातून, आपापल्या बाजूचं, पावाच्या तुकड्याने उचलून खातात. भाताचा पत्ता नाही.

तुमच्याकडे ताजीन नसणारच. जाड बुडाची, घट्ट झाकणाची कढई चालेल. मासा सुरमई किंवा रावस घ्या, तुकडे जाड ठेवा. बांगडाही चांगला लागतो. बोंबील मुळीच नको, त्याचं पाणी सुटून सगळ्याचा लगदा होईल. आणि पापलेट आणलंच असेल तर ते आपल्या पद्धतीने तळा.