परत आलेल्या गाड्यांची वही

धंदा सुरू केला तेव्हा मला वाटायचं आपल्याला वायरिंगमधलं सगळं येतं, कारण आठ वर्षं उस्तादांच्या हाताखाली काढली होती आणि टेस्ट लॅम्प (वायरीत करंट आहे का दाखवणारा छोटा दिवा) हातात घेतला की फॉल्ट सापडायचाच. एक शटर, एक टेबल, एक चार्जर आणि मी. गाडी यायची, लाईट लागत नाही, बल्ब बदल, होल्डर बदल, फ्यूज टाक, गाडी गेली. दिवसाला सहा-सात गाड्या व्हायच्या, मी खूश. पण पहिल्याच पावसाळ्यात लक्षात आलं की यातल्या दोन-तीन तर त्याच त्याच गाड्या आहेत.

एक गृहस्थ तर एकाच बाजूच्या टेललाईटसाठी चौथ्यांदा आले. भांडले वगैरे काही नाहीत, फक्त म्हणाले, "अहो, बल्ब मलाही बदलता येतो, तो सारखा का बंद पडतो तेवढं सांगा." मला सांगता आलं नाही. त्याच रात्री एक जुनी वही काढली आणि परत आलेली प्रत्येक गाडी तारखेसकट लिहायला लागलो, आधी काय केलं होतं आणि खरं काय निघालं. आमच्या फर्मची खरी सुरुवात मी त्या वहीपासून धरतो, शटर उघडलं त्या दिवसापासून नाही.

त्या टेललाईटचंच सांगतो. ब्रेक दाबला की लाल लाईट लख्ख व्हायच्या ऐवजी मंद व्हायची, आणि त्याच बाजूचा इंडिकेटर दिला की पार्किंग लाईटसुद्धा सोबत फडफडायची. आता हे ऐकलं की आमचा नवीन पोरगासुद्धा सांगेल की अर्थ गेलाय, म्हणजे करंट पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट तुटलीय. २१/५ वॅटचा दोन फिलामेंटचा बल्ब असतो, दोन्ही फिलामेंटची अर्थ एकच, ती तुटली की ब्रेकचा करंट पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा फिरतो आणि पुढच्या पार्किंग बल्बमधून, नंबरप्लेटच्या बल्बमधून कुठून तरी अर्थ शोधत जातो. मी मात्र प्रत्येक वेळी बल्ब काढून घालत होतो आणि त्या हलवाहलवीत कॉन्टॅक्ट लागायचा, दोन आठवडे चालायचं, मला वाटायचं झालं काम.

मीटर लावला नव्हता असं नाही. कपलर (वायरी जोडायचा प्लग) काढून मोजलं, १२.४ व्होल्ट, म्हटलं सप्लाय ओके. इथेच फसगत होते. वायरीतला एकच तार शिल्लक असला तरी मीटरला पूर्ण व्होल्ट दिसतात कारण मीटर करंट ओढतच नाही, बल्ब ओढतो. आता आमच्याकडे नियम आहे, लाईट चालू ठेवून मोजायचं, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं होल्डरच्या अर्थला. पाव-अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर ठीक, त्या गाडीत दोनच्या वर आले. अर्थचा बोल्ट डिकीच्या कार्पेटखाली, लग, म्हणजे वायरीचं धातूचं टोक, हिरवा-निळा झालेला आणि खाली आधीच्या डेंटिंगवाल्याने मारलेला कलरचा थर. पत्रा चमकेपर्यंत घासला, नवीन लग क्रिम्प केला, म्हणजे वायरीवर दाबून बसवला, बोल्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. ती गाडी त्यानंतर लाईटसाठी आली नाही, गृहस्थ मात्र येतात, दुसऱ्यांच्या गाड्या घेऊन.

वहीची पहिली चाळीस-पन्नास पानं भरली तेव्हा निम्म्याहून जास्त नोंदी अर्थ आणि गंजलेले कपलर यांच्याच निघाल्या. बल्बचा दोष फार थोड्या ठिकाणी होता.

दुसरी मोठी रांग होती वितळलेल्या हेडलाईट होल्डरची. त्याला कारण आम्हीच, म्हणजे आमच्यासारखे वायरमन. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा (अपर ६०, लो ५५), गिऱ्हाईक म्हणतं उजेड कमी पडतो, की लावला १००/९०चा. हिशोब साधा आहे, ५५ वॅटला बारा व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास लागतात, ९०ला साडेसात, दोन बल्ब मिळून पंधरा, आणि जिथे मूळ रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही तिथे हे सगळं स्टिअरिंगखालच्या स्विचच्या बारक्या पॉईंटमधून. मग होल्डर तपकिरी होतो, स्विच गरम लागतो, एक दिवस रात्रीच्या रस्त्यात लाईट गायब. अशी कामं मी सुद्धा केलीत, खोटं कशाला बोलू. बंद केली त्या वर्षी गल्ला दिसण्याइतका कमी झाला आणि घरात बोलणी खाल्ली. त्याऐवजी आता मूळ वॅटचाच बल्ब, बॅटरीपासून फ्यूज लावून जाडी वायर आणि दोन रिले, एक लो-बीमचा, एक अपर-बीमचा, जुना स्विच फक्त रिलेच्या ८६ नंबरच्या पिनला सिग्नल देतो. बल्बला पूर्ण व्होल्ट मिळाले की उजेड आपोआप वाढतो, एखादा व्होल्ट मध्ये खाल्ला गेला तरी हॅलोजनचा उजेड पाव हिश्शाने पडतो हे बऱ्याच जणांना पटत नाही, मग गाडी भिंतीसमोर उभी करून एक बाजू जुनी, एक बाजू नवी दाखवतो. तिथे बोलावं लागत नाही.

फ्यूज उडण्याच्या केसेस सगळ्यात वैतागाच्या, कारण गाडी आमच्यासमोर शहाण्यासारखी वागते. एक हॅचबॅक आली होती, टेललाईटचा १० अँपिअरचा लाल फ्यूज आठवड्यातून एकदा उडायचा, म्हणून कोणीतरी ३०चा हिरवा घालून ठेवलेला. हा प्रकार बघितला की माझं डोकं फिरतं, फ्यूज वाचतो आणि वायर जळते! आम्ही फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडला आणि त्या सर्किटचे बाकी सगळे बल्ब काढून ठेवले. शॉर्ट असेल तेव्हा आमचा बल्ब पेटणार, नसेल तेव्हा विझणार, फ्यूज एकही जाळायला नको. मग एक जण हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवतो, एक जण बल्बकडे बघतो. अर्धा तास काहीच नाही. शेवटी पोरगा हत्यारं घ्यायला डिकी उघडायला गेला आणि बल्ब भक्कन पेटला, बंद केली की विझला. बिजागरीजवळच्या रबरी नळीत नंबरप्लेटची वायर हजारदा वाकून सोलवटली होती आणि पत्र्याला टेकत होती. तुकडा बदलून क्रिम्प केला, वर हीट-श्रिंक, गरम केली की आवळणारी नळी. तिथे सोल्डर करत नाही, सोल्डर वायरीत चढतं, ती जागा कडक होते आणि त्याच कडेला परत तुटते (हेही वहीनेच शिकवलं, तीनदा).

आज आम्ही पाच जण आहोत, गाडी उभी करून काम करायचे दोन बे आणि एक स्कॅनर. नवीन गाड्यांत बॉडी कंट्रोल मॉड्यूल (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) लाईट सांभाळतं, एलईडी बल्ब घातला की त्याला बल्ब गेल्यासारखा वाटतो, इंडिकेटर डबल स्पीडने उडतो. तिथे कुठेही टेस्ट लॅम्प टोचायचा नाही हे पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. वायर कापून जोडलेला हॉर्न, रिव्हर्स कॅमेरा, फॉगलॅम्प दिसला की आधी तो सुटा करतो आणि मगच फॉल्ट शोधतो, गिऱ्हाईक कितीही म्हणालं की त्याचा काही संबंध नाही.

वही अजून चालू आहे, तिसरी. प्रत्येक नोंदीपुढे काम करणाऱ्याचं नाव असतं. परवाच एक गाडी परत आली, डाव्या फॉगलॅम्पचा लग ओढला तर हातात आला, क्रिम्प नीट बसलेलाच नव्हता. पोरं पानाभोवती जमून हसत होती, नाव माझं होतं.