फ्रेमसाठी दोनशे रुपये

आजपण झोप येईना. जेटलॅग म्हणावं तर येऊन आठवडा झाला, बॅगा माळ्यावर गेल्या, आईचं शेजारच्यांना फोटो दाखवून झालं, दिदीनं स्टेटसला टाकून टाकून कंटाळा आणला, आणि मी रात्री दीड वाजता जागी.

दुपारी आप्पांनी बंडीच्या खिशातनं दोनशेची नोट काढून माझ्या हातात दिली. "महाराजांचा तेवढा मोठा करून आण. आणि फ्रेम लाकडाची बघ, प्लास्टिकची नको." मी घेतली नोट. म्हणजे नको म्हणायच्या आधीच हात पुढं झाला होता.

तो फोटो आमचा नाहीच आहे. बाबांनी नेटवरनं घेतलाय. इटलीत फ्लॉरेन्सला जाऊनही आम्ही कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या छत्रीला, म्हणजे त्यांच्या स्मारकाला, गेलोच नाही.

आठवडाभर मी सगळा राग त्या टूरवाल्यांवर काढत होते. फ्लॉरेन्सला अख्खा दिवससुद्धा नव्हता, ड्युओमो म्हणजे तिथलं मोठं चर्च बाहेरनंच, डेव्हिडचा पुतळा चौकातला म्हणजे कॉपी, खरा म्युझियममध्ये आणि ते आपल्या पॅकेजमध्ये नाही, पोन्ते वेक्यो पुलावर सोन्याची दुकानं बघत पंधरा मिनिटं, आणि मग चामड्याच्या दुकानात चक्क एक तास. आम्ही कोल्हापूरची माणसं, आम्हाला चामडं बघायला इतक्या लांब जायला लागतंय होय? टूर मॅनेजरना मी पहिल्याच दिवशी बसमध्ये सगळं सांगितलं होतं, की आमचे राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले होते, राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून ३० नोव्हेंबरला तिथंच गेले, वीस वर्षांचे होते फक्त, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला आणि १८७४ ला तिथंच छत्री बांधली, आमचा नवा राजवाडा ज्या मँटसाहेबांनी केला त्यांचंच डिझाईन आहे, तिथल्या मोठ्या पुलाचं नाव पण त्यावरनंच पडलंय. ते म्हणाले, "बघूया हं." परत विषय नाही.

हे सगळं मी दिदीला चारदा सांगितलं, आईला दोनदा, आणि प्रत्येकवेळी सांगून झाल्यावर जास्तच कसंतरी व्हायचं. कारण पुढचं मी सांगतच नव्हते.

चामड्याच्या दुकानानंतर दीड तास मोकळा दिला होता. बाबा मोबाईल घेऊन माझ्याकडं आले. "सहाएक किलोमीटर दाखवतंय, टॅक्सीनं जाऊन येऊ दोघं, आई आणि दिदी थांबतील." आणि मी तेव्हा पुण्याच्या त्या दोघींबरोबर जेलातोच्या, म्हणजे तिथल्या आइस्क्रीमच्या लाईनीत उभी होते. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला स्वतःहून बोलावलं होतं. त्यातली एक म्हणाली, "कोण गं राजाराम महाराज?" आणि मी म्हटलं, "काही नाही गं, आमच्या आजोबांचं काहीतरी असतं."

आमच्या आजोबांचं काहीतरी असतं.

बाबांनी ऐकलं ते. "बरं, राहू दे मग" म्हणाले आणि मोबाईल खिशात टाकला. मी पिस्ता घेतला.

लहानपणापासून दर रविवारी आप्पांचं बोट धरून पंचगंगेच्या घाटावर गेलीय मी. तिथल्या छत्र्या दाखवत दाखवत शेवटी ते दरवेळी म्हणायचे, आणि एक छत्री लई लांब हाय. ही डायरी पण त्यांनीच आणून दिली जायच्या आधी, म्हणाले महाराजांनी त्या प्रवासात रोजनिशी लिहिलेली, इंग्रजीत, ते गेल्यावर १८७२ ला छापली, तू पण लिही. मघाशी फ्लॉरेन्सचं पान उघडलं. त्यावर लिहिलंय, जेलातो चार युरो, छान होतं.

आम्ही आलो त्या रात्री आप्पा झोपाळ्यावर बसूनच होते. चहा व्हायच्या आधी विचारलं, "महाराजांना भेटलासा न्हवं?" मी बाबांकडं बघितलं. बाबांनी मोबाईल पुढं केला. छत्री, आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, मागं झाडं. आप्पांनी चष्मा धोतराला पुसला, बोटांनी मोठं करून करून बघितलं, मग मोबाईलच कपाळाला लावला. "वीस वर्षाचं पोरगं, परमुलखात एकटंच पडलंय गं."

बाबांनी माझ्यासाठीच केलं ते. त्याबद्दल आम्ही दोघं अजून बोललेलो नाही, आणि आत्ता मला लिहायचंही नाही.

आज संध्याकाळी आप्पांच्या शेजारी जाऊन बसले, म्हटलं सांगून टाकू. तोंडातनं निघेना. मग नुसते माझ्या मोबाईलमधले माझे फोटो दाखवत बसले, त्यात एका भिंतीचा निघाला. सांता क्रोचे चर्चजवळ भिंतीवर माझ्या डोक्याच्या कितीतरी वर एक रेघ आहे, ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नोला पूर आला त्याची. आप्पा एकदम सरळ होऊन बसले. "एवढं पाणी? आणि नोव्हेंबरात? नोव्हेंबरात कुठला पूर, धरणातनं सोडलं असंल. राधानगरीगत." (पावसाचाच होता तो पूर, तिकडं नोव्हेंबरातच जास्त पाऊस.) मग आमच्या हॉलच्या भिंतीकडं बघितलं, दोन हजार एकोणीसची खूण दोनदा रंग देऊन पण ओल आली की दिसतेच. तेव्हा पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी पंचावन्नच्या वर गेलं होतं, आम्ही सगळे काकांच्या गच्चीवर होतो, आणि आप्पांनी येताना कपडे न घेता घाटाचा जुना फोटो उचलून आणलेला. ते परत सगळं पहिल्यापासनं सांगितलं त्यांनी. मी ऐकलं. बरं वाटत होतं.

मग म्हणाले, "हीच नदी जाते काय महाराजांकडं?"

"होय आप्पा. शहरातनं वाहत पुढं पश्चिमेला जाते, संगमाकडं. पुलावरनं बघितली मी."

आल्यापासनं छत्रीविषयी विचारल्यावर खरं असं एवढंच बोलले मी. ते मान हलवत बसले, प्रयाग चिखलीला आपला संगम हाय तसंच की मग, म्हणाले. हो म्हटलं.

रागावतील बहुतेक. किंवा गप्प बसतील, ते जास्त वाईट. पण नेटवरचा फोटो देवघराशेजारी लावून ते रोज उदबत्ती ओवाळणार आणि मी रोज समोरनं कॉलेजला जाणार, हे नाही जमायचं मला. टूर, बाबा, पुण्याच्या दोघी यातलं काही सांगणार नाही. त्या लाईनीत मी काय बोलले तेवढंच सांगणार.

आतनं त्यांचा खोकला ऐकू येतोय. साडेपाचला उठून घाटावर जातात. मी पाचचा गजर लावलाय, नोट डायरीत ठेवलीय, या पानात.